उसन्या प्रतिकारशक्तीचा शोधक : एमिल फॉन बेहरिंग

हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगाव परिसरात शेडमध्ये नवी पिले आली, की कुक्कुटपालकाला गंबोरो आणि राणीखेत या विषाणूजन्य रोगांची धास्ती असते. पहिले दोन-तीन आठवडे पिलांना तारते ते आईचे देणे. लसीकरण झालेल्या कोंबडीच्या रक्तातील प्रतिपिंडे अंड्याच्या बलकात उतरतात आणि तेथून पिलाच्या रक्तात जातात. शरीराने स्वतः न घडविलेल्या अशा उसन्या प्रतिकारशक्तीचा शास्त्रीय पाया घातला तो जर्मन वैद्यक एमिल फॉन बेहरिंग यांनी.

तेव्हाच्या प्रशियातील हान्सडॉर्फ या खेड्यात १५ मार्च १८५४ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील शाळामास्तर, घरात तेरा मुले. शिक्षणाला पैसा नसल्याने लष्करात सेवा करण्याच्या अटीवर त्यांनी बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत शिक्षण घेतले. १८८९ मध्ये ते रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत दाखल झाले.

घटसर्पाने त्या काळी युरोपात असंख्य मुले श्वास कोंडून दगावत असत. डिसेंबर १८९० मध्ये बेहरिंग आणि त्यांचे जपानी सहकारी शिबासाबुरो कितासातो यांनी घटसर्प व धनुर्वात यांवरील प्रयोग जाहीर केले. रोगाला दाद न देणाऱ्या प्राण्याचा रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला टोचल्यास त्याचेही रक्षण होते, हे त्यातून सिद्ध झाले. पॉल एर्लिख यांनी रक्तद्रवाची मात्रा प्रमाणित केली आणि १८९४ मध्ये त्याचे कारखान्यात उत्पादन सुरू झाले. १९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मात्र एकट्या बेहरिंग यांना मिळाले. कितासातो त्यापासून वंचित राहिले. एर्लिख यांच्याशीही बेहरिंग यांचे संबंध दुरावले.

दरम्यान, १८९३ मध्ये फेलिक्स क्लेम्पेरर यांनी धनुर्वाताविरुद्ध प्रतिकारक्षम केलेल्या कोंबडीच्या बलकातही हीच संरक्षक शक्ती असल्याचे दाखवून दिले.

उसने बळ फार काळ टिकत नाही, याची जाणीव बेहरिंग यांना होती. म्हणून १९१३ मध्ये त्यांनी विष व प्रतिविष यांचे मिश्रण टोचून शरीरालाच प्रतिकार करावयास लावणारी पद्धत पुढे आणली. ३१ मार्च १९१७ रोजी मारबुर्ग येथे त्यांचे निधन झाले.

कुक्कुटपालकापुढील पेच आजही तोच आहे. आईची प्रतिपिंडे भरपूर असताना जिवंत लस दिली, तर ती निष्प्रभ होते; उशीर केला, तर पिले रोगाच्या तावडीत सापडतात. म्हणूनच गंबोरोच्या लसीचा दिवस ठरविताना पिलांच्या रक्तातील प्रतिपिंडे मोजून पाहिली जातात. उसने सरण्याच्या बेताला स्वतःचे बळ उभे राहिले, तरच शेड वाचते.