फाईल बंद न करणारा सरकारी वकील : फ्रिट्झ बाउर

दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट निघाली की हिटलरचे नाव सर्वांच्या ओठी येते. त्याच्या हाताखाली लाखो निरपराध ज्यूंना मृत्यूच्या दारी धाडणाऱ्या ॲडॉल्फ आइकमनचे नावही पुष्कळांनी ऐकलेले असते. इस्रायलच्या मोसाद या गुप्तहेर संघटनेने त्याला अर्जेंटिनातून उचलून आणले, ही हकिकतही वाचलेली असते. पण तो तिथे आहे हे मोसादला सांगितले कोणी? सांगणारा माणूस जर्मनीचाच एक सरकारी अधिकारी होता.

फ्रिट्झ बाउर यांचा जन्म १६ जुलै १९०३ रोजी स्टुटगार्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन ते ऐन तरुणपणी न्यायाधीश झाले. मनाने ते समाजवादी आणि लोकशाहीचे कट्टर पुरस्कर्ते होते. १९३३ साली हिटलर सत्तेवर येताच दोन महिन्यांत त्यांना अटक झाली. ह्यूबर्गची छळछावणी आणि नंतर तुरुंग असे सुमारे आठ महिने त्यांनी काढले. नोकरीही गेली. १९३६ मध्ये ते डेन्मार्कला गेले. जर्मन फौजा तिथेही पोचल्या, तेव्हा १९४३ मध्ये समुद्र ओलांडून त्यांनी स्वीडन गाठले. तिथे त्यांच्यासोबत काम करणारा विली ब्रांट हा तरुण पुढे पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर झाला.

असा पोळलेला माणूस पुन्हा त्या देशात कशाला जाईल? बाउर मात्र १९४९ मध्ये परतले. नवी लोकशाही उभी राहायची तर न्यायालये स्वच्छ हवीत, अशी त्यांची धारणा होती. प्रत्यक्षात कचेऱ्यांतून, पोलिसांतून, न्यायाधीशांच्या खुर्च्यांवरही जुन्या राजवटीतलेच अनेक लोक बसलेले होते. झाले गेले विसरून जावे, असाच लोकांचा कल होता.

१९५२ मध्ये ब्राउनश्वाइग येथे त्यांनी रेमर या माजी सेनाधिकाऱ्यावर खटला चालवला. २० जुलै १९४४ रोजी हिटलरला मारण्याचा प्रयत्न करणाऱ्यांना रेमर देशद्रोही म्हणत असे. शिक्षा झाली ती अवघी तीन महिन्यांची. पण जे राज्यच अन्यायावर उभे आहे त्याला विरोध करणे हा द्रोह ठरत नाही, ही गोष्ट जर्मन न्यायालयाकडून वदवून घेण्यात बाउर यशस्वी झाले.

१९५६ मध्ये ते हेस प्रांताचे मुख्य सरकारी वकील म्हणून फ्रँकफर्टला आले. पुढच्याच वर्षी अर्जेंटिनातून त्यांना एक पत्र आले. लिहिणारे गृहस्थ अंध होते आणि स्वतः छळछावणी भोगून आलेले होते. त्यांच्या मुलीची ओळख एका तरुणाशी झाली होती. त्याच्या बोलण्यातून आणि आडनावावरून हा आइकमनचाच मुलगा असावा, असा त्यांना संशय आला होता.

सरकारी नोकरीतल्या माणसाला इथली अडचण चटकन कळेल. रीतसर मार्ग म्हणजे पत्र वरच्या कचेरीकडे पाठवायचे. पण त्या वाटेवर कोणी आतूनच आइकमनला सावध केले तर? बाउर यांचा आपल्याच यंत्रणेवर विश्वास नव्हता, आणि तसे कारणही होते. प्रांताचे मुख्यमंत्री झिन यांना विश्वासात घेऊन त्यांनी ही माहिती गुपचूप इस्रायलला दिली. बिंग फुटले असते तर नोकरी गेली असती आणि देशद्रोहाचा आळही आला असता.

मोसादच्या माणसाने पत्त्यावरचे ते गरिबीचे घर पाहिले. इतका मोठा अधिकारी इथे कसा राहील, असे म्हणून तपास थंडावला. बाउर गप्प बसले नाहीत. दुसऱ्या सूत्राकडून त्यांनी आइकमनचे नवे नाव, रिकार्डो क्लेमेंट, पक्के केले आणि डिसेंबर १९५९ मध्ये स्वतः इस्रायलला जाऊन पाठपुरावा केला. ११ मे १९६० रोजी ब्युनोस आयर्समध्ये आइकमन पकडला गेला. जेरुसलेमला खटला चालून १९६२ मध्ये त्याला फाशी झाली. बाउर यांनी मात्र आपल्या सहभागाविषयी मौन पाळले. जगाला ते कळले त्यांच्या मृत्यूनंतर.

आइकमनवरचा खटला जर्मनीत चालावा अशी त्यांची इच्छा होती, पण बॉनच्या सरकारने त्याची मागणीच केली नाही. मग त्यांनी ऑशविट्झ छावणीचे प्रकरण हाती घेतले. १९५९ च्या आरंभी एका पत्रकाराकडून त्यांच्याकडे काही जुने कागद आले होते. त्यांत गोळ्या घातलेल्या कैद्यांची आणि घालणाऱ्या पहारेकऱ्यांची नावे होती. त्या मूठभर कागदांवरून तपास सुरू झाला. २० डिसेंबर १९६३ रोजी फ्रँकफर्टमध्ये खटला उभा राहिला आणि ऑगस्ट १९६५ पर्यंत चालला. साडेतीनशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले. त्यांतले दोनशेहून अधिक छावणीतून वाचलेले. बाउर यांनी कोर्टात उभे राहण्याचे काम तरुण सहकाऱ्यांवर सोपवले. निकालाच्या वेळी २० आरोपी उरले होते. सहा जणांना जन्मठेप झाली, अकरा जणांना कमी मुदतीच्या शिक्षा, तर तिघे सुटले.

बाउर समाधानी नव्हते. छावणी म्हणजे माणसे मारण्याचा एकच मोठा कारखाना, त्यात जाणूनबुजून काम करणारा प्रत्येक जण दोषी, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते न मानता प्रत्येकाच्या हातून घडलेल्या कृत्याचा वेगळा पुरावा मागितला. तरीही शेजारी राहणारा सभ्य दुकानदार किंवा कारकून वीस वर्षांपूर्वी काय करत होता, हे जर्मन घराघरांत या खटल्यामुळेच पोचले.

धमक्यांची पत्रे आणि फोन शेवटपर्यंत येत राहिले. १ जुलै १९६८ रोजी ते राहत्या घरी मृतावस्थेत आढळले. पासष्टी पूर्ण व्हायला दोन आठवडे होते. डॉक्टर मेंगेले त्यांच्या हाती लागला नाही, आणि आजारी व अपंगांच्या हत्येला मूक संमती देणाऱ्या बड्या न्यायाधिकाऱ्यांवरचे प्रकरण त्यांच्यामागे बंद करण्यात आले. आज फ्रँकफर्टमध्ये त्यांच्या नावाची संशोधन संस्था आहे.

कचेरीत रोज शेकडो कागद टेबलावरून जातात. बाउर यांच्याही टेबलावर एका अंध माणसाचे पत्र आले होते. ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारून ते ठेवून दिले असते, तर कोणी त्यांना जाब विचारला नसता. आपण पगार सरकारचा घेतो, पण बांधील असतो ते न्यायाला, एवढे ओळखून त्यांनी ती फाईल उघडी ठेवली. म्हणून हे चरित्र आपल्या मुलांनाही सांगावेसे वाटते.