सप्तर्षींच्या निशाणाचा धनी : जेम्स कॉनोली

आकाशातील सप्तर्षींना आयर्लंडमध्ये नांगर म्हणतात. हिरव्या कापडावर नांगर, त्याला फाळाच्या जागी तलवार आणि त्यावर सप्तर्षींचे सात तारे, असे एक जुने निशाण डब्लिनच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात जपून ठेवलेले आहे. हे निशाण कोणा राजाचे अथवा सरकारी पलटणीचे नव्हे. कामगारांनी स्वतःच्या रक्षणासाठी उभारलेल्या ‘आयरिश सिटिझन आर्मी’साठी ते १९१४ मध्ये तयार झाले. १९१६ च्या ईस्टर उठावाची शताब्दी २०१६ मध्ये साजरी झाली, तेव्हा कामगार संघटनांच्या बिल्ल्यांवर आणि स्मृतिचिन्हांवर हाच नांगर आणि हेच तारे होते. त्यामागे नाव होते जेम्स कॉनोली यांचे.

कॉनोली यांचा जन्म ५ जून १८६८ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा शहराच्या काउगेट या दरिद्री वस्तीत झाला. आईवडील आयर्लंडहून पोटासाठी आलेले. वडील नगरपालिकेची खत वाहून नेणारी गाडी हाकीत. जेम्स यांची शाळा दहा-अकराव्या वर्षीच सुटली. छापखाना, बेकरी, फरशीचा कारखाना अशी कामे केल्यानंतर वय वाढवून सांगून ते ब्रिटिश सैन्यात भरती झाले आणि सैनिक म्हणूनच त्यांनी आयर्लंड प्रथम पाहिले. सैन्य सोडल्यावर १८९० मध्ये लिली रेनॉल्ड्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गाडीवानाचे काम गेले, जोडे दुरुस्तीचे दुकान चालले नाही. मात्र या ओढाताणीतही त्यांचे वाचन आणि समाजवादी चळवळीतील काम थांबले नाही.

१८९६ मध्ये ते डब्लिनला आले आणि त्यांनी ‘आयरिश सोशलिस्ट रिपब्लिकन पार्टी’ स्थापन केली. दोन वर्षांनी ‘वर्कर्स रिपब्लिक’ हे पत्र सुरू केले. सरकारी इमारतीवर हिरवे निशाण चढले, पण जमीन आणि कारखाने जुन्याच मालकांकडे राहिले, तर ते स्वातंत्र्य पोकळ ठरेल, हा विचार त्यांनी तेव्हापासून मांडला. मात्र विचारांनी चूल पेटत नव्हती. १९०३ मध्ये ते अमेरिकेला गेले. पुढच्या वर्षी कुटुंब त्यांच्याकडे निघण्याच्या सुमारास थोरली मुलगी मोना भाजून मरण पावली. तेथे त्यांनी विमा एजंट म्हणून, शिवणयंत्रांच्या कारखान्यात आणि पुढे कामगार संघटक म्हणून काम केले. १९१० मध्ये ते आयर्लंडला परतले. ‘लेबर इन आयरिश हिस्टरी’ हा त्यांचा ग्रंथ त्याच वर्षीचा.

जिम लार्किन यांच्या ‘आयरिश ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियन’चे बेलफास्टमधील काम कॉनोली यांच्याकडे आले. १९१३ मध्ये डब्लिनची ट्राम कंपनी, ‘आयरिश इंडिपेंडंट’ हे वृत्तपत्र आणि इंपीरियल हॉटेल यांचे सर्वेसर्वा विल्यम मार्टिन मर्फी यांनी युनियन सोडा, नाहीतर नोकरी सोडा, असा पवित्रा घेतला. २६ ऑगस्टला ट्रामचालकांनी कोटावर युनियनचा लाल पंजाचा बिल्ला लावला आणि गाड्या रस्त्यात उभ्या करून ते उतरले. मालकांनी टाळेबंदी पुकारली आणि सुमारे वीस हजार कामगार बेकार झाले. पोलिसांच्या लाठीमारात माणसे मेली. कॉनोली यांना अटक झाली. तुरुंगात उपोषण केल्यावर त्यांची सुटका झाली. लाठीला उत्तर म्हणून नोव्हेंबरमध्ये सिटिझन आर्मी उभी राहिली. टाळेबंदी मात्र कामगार हरले. उपासमारीने खचलेली माणसे १९१४ च्या आरंभी कामावर परतली.

त्याच वर्षी लार्किन अमेरिकेला गेले आणि युनियनची धुरा कॉनोली यांच्या खांद्यावर आली. महायुद्धात कामगार एकमेकांचे गळे कापत आहेत, या विचाराने ते अस्वस्थ होते. जानेवारी १९१६ मध्ये त्यांनी राष्ट्रवादी क्रांतिकारकांशी हातमिळवणी केली. कामगारांचे बळ राष्ट्रीय उठावात घालणे सर्वांना पटले नाही. सिटिझन आर्मीचे एकेकाळचे चिटणीस, नाटककार शॉन ओकेसी यांनी पुढे त्यावर कठोर टीका केली. तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही.

प्रजासत्ताकाचा जाहीरनामा युनियनच्या कचेरीत, लिबर्टी हॉलमध्ये छापला गेला. २४ एप्रिलला उठाव झाला. मुख्य टपाल कचेरीतून कॉनोली डब्लिनमधील सैन्याचे नेतृत्व करीत होते. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा रॉडीही तेथे होता. समोरच्या इंपीरियल हॉटेलवर, म्हणजे मर्फी यांच्याच इमारतीवर, सप्तर्षींचे निशाण चढले. टाळेबंदीत हरलेल्यांचे ते उत्तर होते. पण तोफांपुढे उठाव टिकला नाही. कॉनोली यांच्या घोट्याला गोळी लागली आणि २९ एप्रिलला शरणागती झाली. साडेचारशेच्या आसपास माणसे प्राणास मुकली, त्यांत सामान्य नागरिकच अधिक होते. १२ मे रोजी किल्मेनहॅम तुरुंगात, उभे राहता येत नसल्याने खुर्चीत बसवून कॉनोली यांना गोळ्या घालण्यात आल्या. या बातमीने आयर्लंडचे मन पालटले.

त्यांच्या प्रभावाचा एक धागा भारतापर्यंत येतो. १९१३ ते १९१६ या काळात वराहगिरी व्यंकट गिरी डब्लिनमध्ये कायद्याचे शिक्षण घेत होते. कॉनोली यांच्या कार्याचा ठसा घेऊनच ते मायदेशी परतले आणि रेल्वे कामगारांच्या संघटनेत उतरले. मुंबईत १९२० मध्ये स्थापन झालेल्या आयटकचे अध्यक्षपद त्यांनी १९२६ मध्ये भूषविले. १९६९ मध्ये तेच गिरी राष्ट्रपती झाले.

स्वतंत्र आयर्लंडने कॉनोली यांना राष्ट्रीय हुतात्मा मानले. १९६६ मध्ये डब्लिनच्या एका रेल्वे स्थानकाला त्यांचे नाव दिले गेले आणि १९९६ मध्ये लिबर्टी हॉलसमोर त्यांचा पुतळा उभा राहिला. परंतु जमीन आणि कारखान्यांविषयीचा त्यांचा प्रश्न या सन्मानात अनेकदा झाकला जातो. शताब्दीत संघटनांनी नांगर-ताऱ्यांचे चिन्ह पुन्हा छातीवर लावले, ते या हुतात्म्याच्या हातात आधी कामगारांचे निशाण होते, याची आठवण राहावी म्हणून.