नेग्रींना दिसलेला कारखाना

कुत्रा चावल्यावर जखमेत मिरचीपूड भरून दोन-तीन दिवसांनी येणारे रुग्ण आमच्या सरकारी रुग्णालयात आजही दिसतात. अशा वेळी मला हटकून आदेल्की नेग्री आठवतात.

नेग्री यांचा जन्म १८७६ सालचा, इटलीतील पेरुजा गावचा. पाविया येथे डॉक्टर होऊन ते तिथेच कामिल्लो गोल्जी यांचे साहाय्यक झाले. त्या काळी मेलेला कुत्रा पिसाळलेला होता का, हे ठरवण्यासाठी त्याच्या मेंदूचा अंश सशाला टोचून आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. १९०३ मध्ये नेग्रींना रेबीजने मेलेल्या प्राण्यांच्या मेंदूतील पेशींत गोल, लंबगोल ठिपके दिसले. सूक्ष्मदर्शकाखाली ते सापडले की निदान पक्के. पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या लीना लुझ्झानी यांनीही या तपासणीवर काम केले.

हे ठिपके म्हणजे रेबीजचे एकपेशीय परजीवी, असे नेग्रींचे मत होते. पण त्याच वर्षी पॉल रेमलिंजर यांनी रेबीजचे कारण जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होते, हे दाखवले. इतकी सूक्ष्म वस्तू त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाला दिसणे शक्यच नव्हते. गंमत म्हणजे, देवीच्या लसीतील विषाणू असाच गाळणीतून जातो, हे १९०५ मध्ये खुद्द नेग्रींनीच दाखवले. रेबीजबाबतचे मत मात्र त्यांनी बदलले नाही. १९१२ मध्ये, अवघ्या ३५व्या वर्षी क्षयाने त्यांचे निधन झाले.

मग ते ठिपके होते काय? २००९ मध्ये फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी दाखवले, की रेबीजचा विषाणू आपल्या आरएनएच्या प्रती त्यांच्यातच तयार करतो. २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. त्यांच्याभोवती पडदा नसतो. पाण्यात तेलाचा थेंब वेगळा राहावा, तसे ते पेशीत राहतात. नेग्रींनी कारखान्यालाच कारागीर समजले होते.

हा कारखाना मेंदूत सुरू होऊन लक्षणे दिसू लागली, की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. पण चावल्यापासून तिथवर पोहोचायला विषाणूला बहुधा काही आठवडे लागतात. तेवढीच आपली संधी. म्हणून मिरची, हळद, चुना काही लावू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. त्याच दिवशी लस घ्या. रक्त आले असेल तर सीरमही लागते. आणि सगळे डोस पूर्ण करा.