विश्लेषण : शाळाच मुलांच्या अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक… स्वमग्न मुलांच्या खेळ-उपचारांशी त्यांच्या कामाचा संबंध काय?

स्वमग्न, म्हणजेच ऑटिस्टिक मुलाबरोबर जमिनीवर बसून, त्याच्याच आवडीचा खेळ खेळत नाते जोडायचे, ही उपचारपद्धती आज अनेक थेरपी केंद्रांत वापरली जाते. मुलाला आपल्याकडे ओढण्याऐवजी मोठ्यांनी त्याच्याकडे जायचे, हे तिचे सूत्र. ताराबाई मोडक यांनी स्वमग्नतेवर काम केले नव्हते. पण हेच सूत्र महाराष्ट्राच्या बालशिक्षणात त्यांनी कित्येक दशके आधी रुजवले.

ताराबाई बालशिक्षणाकडे कशा वळल्या?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे नाव केळकर. वडील प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते असल्याने घरात मुलींच्या शिक्षणाला पाठिंबा होता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या मोडक यांच्याशी झालेला विवाह १९२१ मध्ये संपुष्टात आला. लहान मुलीची जबाबदारी घेऊन त्यांनी राजकोटला महिला अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्यपदाची नोकरी धरली. पण भावनगरला गिजुभाई बधेका यांचे बालमंदिर पाहिल्यावर ती नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले.

मॉंटेसरींचा धागा कोणता?

गिजुभाई आणि ताराबाई दोघांवरही मारिया मॉंटेसरी यांचा प्रभाव होता. मॉंटेसरींच्या कामाची सुरुवात झाली ती रोममधील बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांपासून. त्या मुलांसाठी वापरलेली साधने आणि निरीक्षणाची पद्धत त्यांनी १९०७ मध्ये सर्वसाधारण मुलांच्या बालगृहात आणली. म्हणजे आजच्या बालवाडीतील खेळ-साधनांचे मूळ विशेष मुलांच्या शिक्षणात आहे.

शाळा अंगणात का न्यावी लागली?

शहरातील बालमंदिरे खर्चिक होती. ग्रामीण मुलांसाठी काही करावे म्हणून ताराबाई १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डीला गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. वारली मुले शाळेत येईनात, कारण त्यांना गुरे राखायची असत, धाकट्या भावंडांना सांभाळायचे असे. ताराबाईंनी दोष मुलांना दिला नाही. त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. गुराखी मुलांसाठी कुरणशाळा काढली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने आणि खडे वापरले. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आजच्या खेळ-उपचारांशी साम्य कुठे?

अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे वर्णन केले. पुढे स्टॅनली ग्रीनस्पॅन आणि सेरेना वीडर यांनी ‘फ्लोअरटाइम’ पद्धत मांडली. समजा, एखादे मूल तासन्‌तास गाडीचे चाकच फिरवते. या पद्धतीत गाडी काढून घेत नाहीत. मोठा माणूस शेजारी बसतो, तोही चाक फिरवतो. मध्येच थांबतो, वाट पाहतो. मूल क्षणभर बघते, हात पुढे करते. मग पुन्हा चाक फिरते. ही देवाणघेवाण हळूहळू वाढवत न्यायची, हाच उपचार. मुलाच्या वागण्याला हट्ट न समजता त्यामागचे कारण शोधणे आणि मुलाच्या हाती आधीच असलेल्या वस्तूपासून सुरुवात करणे, या दोन्ही गोष्टी कोसबाडच्या अंगणात होत्या.

मात्र फरकही आहे. कोसबाडच्या मुलांसमोरचा अडथळा गरिबीचा होता. स्वमग्नता हे मेंदूच्या वाढीतील वेगळेपण आहे. तिला खेळाबरोबर वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपी अशा तज्ज्ञांच्या मदतीचीही गरज पडते.

पालकांनी काय लक्षात घ्यावे?

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचू लागली. कोसबाडचा वारली पाडा असो की मुंबईतल्या मढचा कोळीवाडा, लहान मुलांना घरापासून सर्वात जवळची सरकारी जागा बहुतेकदा तीच असते. वर्षाचे झालेले मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे झाले तरी बोटाने काही दाखवत नसेल, तर ‘बोलेल उशिरा’ म्हणत थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश असल्याने प्रमाणपत्र आणि शिक्षणातील सवलतीही मिळू शकतात.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत घरी खेळ सुरू करता येतो. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. रोज थोडा वेळ मोबाइल बाजूला ठेवायचा, मुलाशेजारी जमिनीवर बसायचे आणि पहिली चाल त्याला करू द्यायची.