शिकणारा आणि शिकविणारे

परभाषा कशी शिकावी, याचा वस्तुपाठ गोमंतकाने चारशे वर्षांपूर्वीच पाहिला आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, आयुष्याची पुढील चाळीस वर्षे मुख्यतः साष्टीत वेचून १६१९ साली येथेच निवर्तले. येथील भाषेचे छापील व्याकरण तेव्हा नव्हते. लोकांचे बोलणे हीच त्यांची शाळा. त्यांनी ओवी आत्मसात केली आणि सुमारे ११,००० ओव्यांचे मराठी क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे कोंकणी व्याकरण मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूरला छापले गेले.

त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि त्याच राजवटीने आमची देवळे पाडली, हे आम्ही विसरत नाही. परंतु शिकविणाऱ्याने आधी शिकले पाहिजे, हे त्यांनी जाणले. सत्तेने ते जाणले नाही. १६८४ साली तिने तीन वर्षांत कोंकणी सोडण्याचे फर्मान काढले. १९६१ साली सत्ता गेली, भाषा राहिली. मुलांवर परकी भाषा लादून घरची बोली विसरावयास लावणाऱ्यांनी या दोन वाटांतील आपली कोणती, हे स्वतःशी ठरवावे.