मेजर तॉमस कँडी

इंग्रजी शब्दांचे अर्थ मराठींत सांगणारा विस्तृत कोश ज्यांच्या चिकाटीमुळें पुरा झाला, त्या मेजर तॉमस कँडी यांचा जन्म १८०४ सालीं इंग्लंडांत झाला. जॉर्ज हे त्यांचे जुळे बंधु. दोघेहि लष्करी नोकरीच्या निमित्तानें हिंदुस्थानांत आले, मराठी शिकले आणि मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामीं त्यांचे साह्यकारी झाले. शास्त्रीमंडळींच्या मदतीनें सिद्ध झालेला हा कोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला.

पुढें इंग्रजी-मराठी कोश हातीं घेण्यांत आला. परंतु प्रकृति ढासळल्यामुळें मोल्सवर्थ १८३६ सालीं स्वदेशीं परतले, आणि अर्धवट राहिलेल्या कामाचा भार कँडीसाहेबांवर पडला.

हें काम किती बिकट होतें, तें इंग्रजी शब्दांची घडण पाहिल्यावर कळतें. ‘पोर्ट’ हा वाहून नेणें या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला अवयव. त्याच्यामागें ‘इम्’ लागला कीं माल देशांत आणणें, ‘एक्स’ लागला कीं बाहेर धाडणें, ‘ट्रान्स’ लागला कीं एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणें, असे अर्थ होतात. आपल्याकडे ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द होतात, त्यांतलाच हा प्रकार.

परंतु अवयव जोडून निघणारा अर्थ नेहमींच खरा ठरतो असें नाहीं. ‘व्हॅल्युएबल’ म्हणजे मौल्यवान. तेव्हां ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल, असें नवशिक्यास वाटतें. वस्तुतः त्याचा अर्थ, ज्याचें मोल करतांच येत नाहीं असें, म्हणजे अमूल्य! आपल्या ‘अमूल्य’ शब्दाचीहि हीच गोष्ट. शब्दाची फोड वाट दाखविते. निर्णय मात्र रूढि देते. ती रूढि दोन्ही भाषांत शोधून प्रत्येक शब्दास योग्य जोड लावून देणें, हें कोशकाराचें काम. कँडीसाहेबांनीं तें नेटानें चालविलें, आणि १८४७ सालीं कोश छापून निघाला.

मराठींत विरामचिन्हें रूढ करण्याचें श्रेयहि त्यांच्याकडे जातें. त्या विषयावर त्यांनीं १८५० सालीं एक लहानसें पुस्तक काढलें. शालेय पुस्तकें आणि कायद्यांचीं भाषांतरें तपासण्यांत त्यांचें उरलेलें आयुष्य गेलें. १८७७ सालीं महाबळेश्वर येथें त्यांचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, लांबलचक इंग्रजी शब्द पुढें आला असतां भिऊं नका. आधीं त्याची फोड करा, अर्थाचा अंदाज बांधा, आणि मग कोश उघडून तो पारखून घ्या. परक्या भाषेंतील एकेका शब्दापाशीं कँडीसाहेब थांबले. आपणहि क्षणभर थांबावयास काय हरकत आहे?