आनंदीबाईंचे दहा दिवसांचे बाळ

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे मंडळाच्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या मनात डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावाचून दुसरे नाव आले नाही. त्यांची पदवी सर्वांना ठाऊक आहे. मला त्यांची आठवण होते ती त्यांच्या बाळामुळे.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली ही कल्याणच्या जोशांची मुलगी. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव टपालखात्यात नोकरीला, बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि त्या हट्टापायी त्यांनी तिला छळलेही. ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. योग्य उपचार मिळाला नाही, आणि त्या दुःखातून त्यांनी वैद्यकी शिकण्याचे मनावर घेतले.

हे वाचताना मला माझी धाकटी जाऊ दिसते. आठव्या महिन्यात तिच्या हातांवर, तोंडावर सूज आली. पहिलटकरणीला सूज यायचीच, असे घरात सगळ्या म्हणाल्या. डोके ठणके, तर सुंठ उगाळून मीच लेप लावला. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली, तर जरा पड म्हणून सांगितले. त्याच आठवड्यात हौसेने डोहाळजेवण केले, हिरवी साडी, फुलांची वाडी, सगळे काही. चौथ्या दिवशी तिला आकडी आली. कुणी नाकाशी कांदा धरला, कुणी बाहेरची बाधा म्हणाले. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ गेले. ती कशीबशी वाचली. सूज, डोकेदुखी, काजवे ही रक्तदाब वाढल्याची लक्षणे आहेत, आणि वेळीच आणले असते तर इलाज करता आला असता, हे मला तिथल्या नर्सबाईंकडून कळले. जाऊबाईने मला कधी बोल लावला नाही. ते मला अधिक लागले.

आनंदीबाईंनी मात्र आपले दुःख गिळून टाकले नाही. १८८३ साली श्रीरामपूर येथे (हे बंगालमधले, आपले नव्हे) भरसभेत उभे राहून आपण परदेशी का जातो ते त्यांनी सांगितले आणि ७ एप्रिलला कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या. न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरच्यासारखे सांभाळले. तिकडच्या थंडीने प्रकृती ढासळली, तरी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकेतली पुस्तके, दोन्ही त्यांनी पुढे ठेवली. मला हे फार आवडते. आपले सगळे टाकाऊ असे त्यांनी मानले नाही.

कोल्हापूरच्या इस्पितळातील स्त्रियांचा विभाग त्यांच्याकडे यायचा होता. पण क्षयाने त्यांना गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे गेल्या. अमेरिकेतल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत त्यांचे स्मारक आहे.

आपल्या मंडळाच्या भगिनी आसपासच्या गावांतून ओटीभरणाला जातात, हे वाचकांना माहीत आहेच. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर यांना आम्ही नावे ठेवत नाही. पण बाळ लहान राहावे म्हणून गरोदर बाईला अर्धपोटी ठेवणे आणि बाळंतिणीची खोली धुराने कोंडणे, हे सोडा असे स्पष्ट सांगतो. रक्त जाणे, तोंडावर सूज, न थांबणारी डोकेदुखी, काजवे, आकडी, ताप, दिवस भरण्याआधी पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले एकही दिसले तर रात्र काढू नये. १०८ ला फोन करून गाडी बोलवावी.

हे सांगायला माझी जाऊच उभी राहते. मी शेजारी ओटीचे तबक धरते.